तौफिकच्या बाजूचं टेबल

हे मी लिहिणारच नव्हतो. रेवण वाचणार आणि म्हणणार, "यात पण मला कमी जागा दिलीस." पण मोबाईलला सव्वीस टक्के चार्जिंग आहे, पुढे अजून बरंच टेबल बाकी आहे, आणि चालता चालता टाइप करायला मला जमतं. तर सांगतो.

आमच्यातलं कुणी कंटाळलं की त्याच्या समोरचं टेबल लांब होतं.

टेबल माझ्या मामाचं. जयसिंगपुरात मामाचं टेलरिंगचं दुकान आहे आणि वरच्या माडीवर कापड कापायचं हे टेबल, सहा फूट बाय चार. रविवारी दुकान बंद असतं, म्हणून दुपारी दोन ते सहा आम्ही तिथे खेळतो. खेळ साधा आहे. मी एक जग सांगतो. बाकी चौघं त्यातली माणसं होतात. आपलं माणूस काय करतंय ते ज्यानं त्यानं सांगायचं, आणि ते जमलं का नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. फाशाचं सगळ्यांनी ऐकायचं, माझ्यासकट. हे मला कुणी शिकवलं नाही. व्हिडिओ बघितले, चुका केल्या, शिकलो. आता चांगलं जमतं. उगाच लाजत नाही.

रेवणला मारामारी लागते. प्रणोतीला बोलायला माणूस लागतं, मग ती राणी असो नाहीतर वेशीवरचा झाडूवाला. अभिनंदनला कुलपं, कोडी, भुयारं. आणि तौफिकला काहीही चालतं. निदान मी सगळ्यांना असं सांगायचो.

तौफिक माझा आठवीपासूनचा दोस्त. आमच्या जगाचा पहिला नकाशा त्याच्या भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर आहे. मी किल्ले काढले, त्यानं नदी काढली. नदीपाशी पान संपलं. आता तो एका लॅबमध्ये रक्त तपासतो. आमचा पहिला फासाही त्यानंच आणला, औषधाच्या बाटलीत घालून.

टेबल पहिल्यांदा वाढलं ते रेवणसमोर. प्रणोती एका तूपवालीशी पाऊण तास बोलत होती. तुपात लोणी आहे का लोण्यात तूप, असं काहीतरी चाललेलं. मी रेवणकडे बघितलं तर तो लांब होता.

"मागे का सरकलास?" मी विचारलं.

"मी हितंच हाय," रेवण म्हणाला. "टेबल गेलंय."

मी गोष्टीत तीन लांडगे सोडले. तिसऱ्या लांडग्याला रेवण पुन्हा हाताच्या अंतरावर आला. तोवर प्रणोती आठ इंच गेली होती.

मी मामाचा टेप घेतला. दर रविवारी चारही बाजू मापायच्या आणि खडूनं खूण करायची. वाढलेलं लाकूड नवीन दिसायचं नाही. त्यावर कात्रीचे जुने ओरखडे आधीपासून असायचे. टेबल वाढलं की भिंत तेवढी मागे सरकायची. रस्त्यावरून दुकान होतं तेवढंच दिसायचं. मामाची तक्रार नव्हती.

"धैर्यशील, त्या टेबलाला काय खायला घालतोस रे?" एवढंच तो म्हणाला. "परवा सात मीटरचा पडदा एका दमात कापला."

मग मी मामीचा कुकरजवळचा टायमर आणला. प्रत्येकाला वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत गोष्ट त्याची. रेवणला लढाई, प्रणोतीला माणसं, अभिनंदनला कुलूप. नको असतील तर आपली मिनिटं दुसऱ्याला द्यायची मुभा. आणि खेळ संपला की ज्याला मजा आली त्यानं भाजलेल्या भुईमुगाची एक शेंग वाटीत टाकायची. नाही आली तर ती शेंग स्वतः खायची, कुणी काही विचारणार नाही.

हे जमलं. तीन बाजू परत सहा-चारच्या मापात आल्या. वाटीत दर रविवारी चार शेंगा. असं गणित कुणाला बसवून दाखवायला सांगा.

तौफिक खिडकीच्या बाजूला, माझ्या बरोब्बर समोर बसतो. त्याचा टायमर लावला की तो म्हणायचा, "माझी रेवणला दे, त्याचा राक्षस अर्धाच मेलाय." नाहीतर, "प्रणोतीला दे, तिचं भांडण रंगलंय." मला वाटायचं, काय मनाचा मोठा गडी आहे. मिनिटं देण्याआधी तो फक्त एक विचारायचा.

"धैर्या, नदीच्या पलीकडे काय आहे?"

"पुढच्या रविवारी," मी म्हणायचो.

त्याची बाजू वाढत होती. मी मापत होतो, लपवत नाही. पण तो शेंग टाकत होता ना. मी ठरवलं की खिडकीतलं ऊन लागून लाकूड वाढतंय. पडदा लावला. जूनमध्ये तो नऊ फुटांवर होता. दिवाळीत त्याला ढकललेला चहा गार होऊन पोचायला लागला. संक्रांतीला त्याचा फासा आमच्यापर्यंत यायला तीन मिनिटं लागायची. तेवढ्यात रेवण एक राक्षस मारून घ्यायचा. आम्ही तौफिकला फोन लावून स्पीकरवर ठेवायचो.

"तौफिक, तू काय करतोस?"

"मी नदीकाठी थांबतो," फोन म्हणायचा. "तुमचं चालू द्या."

आज जिना चढताना मामानं हाक मारली. त्याच्या हातात गेल्या रविवारची वाटी होती.

"तुझ्या शेंगवाल्याला सांग, दर वेळी एक पोकळ निघते."

मी शेंग हातात घेतली. बाहेरून अख्खी होती. दाणे काढून टरफलं परत जोडलेली, कडेला डिंकाची केसाएवढी रेघ. एवढ्या हलक्या हाताचा आमच्यात एकच आहे.

मी वर गेलो. तिघं बसले होते. तौफिकची खुर्ची मला दिसली नाही. टेबल पुढे पुढे बारीक होत जात होतं आणि त्याच्या टोकाला खिडकीचा उजेड मोहरीएवढा होता. मी चपला काढल्या आणि टेबलावर चढलो.

"खेळ कोण चालवणार?" अभिनंदननं विचारलं.

"पाच मिनिटं थांबा."

"डबा घेऊन जा की मग," रेवण म्हणाला.

हे दोन वाजताचं. आता सव्वापाच झालेत. मी चालतोय आणि वाटेत माझ्याच खडूच्या खुणा लागतायत. जून. गणपती. दसरा. प्रत्येक खुणेनंतर लाकूड जरा जास्त लांब. संक्रांतीच्या पुढे ते ओलसर लागायला लागलं.

मध्येच फोन वाजला. प्रणोती.

"तुझा आवाज बारीक येतोय," मी म्हटलं.

"येणारच. आम्ही तिघं कंटाळलोय. रेवण माझ्यापासून वीस फुटांवर गेलाय, अभिनंदन तर पार भिंतीपाशी. आणि तुझी खुर्ची कुठं आहे तेच दिसत नाही. परत येतोस का नाही?"

"तौफिक दिसला की सांगतो."

"तो एक आहे, आम्ही तीन."

"वर्षभर मी असंच मोजलं," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मी घाबरलेलो नाही. टेबल आमच्यामुळे कसं वाढतं हे मला माहीत आहे, म्हणजे ते कसं आटतं हेही मला माहीत आहे. चालत राहिलो.

अकरा टक्के.

तौफिक सापडला. तो टेबलाच्या टोकाला बसलाय. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पाय पाण्यात. टेबल तिथे घाटाच्या पायरीसारखं पाण्यात उतरतं. खिडकी नाही, नदी आहे. रुंद, मातकट, आणि पलीकडे काठ आहे की नाही ते कळत नाही. मी त्याच्या शेजारी बसलो. पाणी गार आहे.

"पोचलास?" तो म्हणाला.

"चहा दर वेळी गार यायचा का?"

"साय धरलेला."

"मग सांगायचं की लेका."

"तू टायमर घेऊन सगळ्यांमागे असा पळायचास, जशी घरात पंगत बसलीय. त्यात मी कुठं मीठ मागू?"

"आणि शेंगा चिकटवायच्या?"

"वाटीत चार बघितल्या की तुझं तोंड बघण्यासारखं व्हायचं." तो हसला. "ते बघायला यायचो मी. बाकी काही नाही."

 मग म्हणाला, "आता सांग. पलीकडे काय आहे?"

मी खेळाची वही काढली. रेवणचे एकेचाळीस राक्षस आहेत. प्रणोतीच्या तूपवालीच्या तीन पिढ्या आहेत. अभिनंदनची कुलपं आकृतीसकट आहेत. नदीच्या पानावर नुसती नदी आहे.

"काही नाही," मी म्हटलं. "मी केलंच नाही. तू कधी भांडला नाहीस, म्हणून तुझं राहिलं."

त्यानं मान हलवली. रागावला नाही. त्याच्या पायांपुढचं लाकूड एक बोट पाण्यात पुढे गेलं, तो त्यासोबत सरकला, आणि आमच्या खांद्यांमध्ये फट पडली. मी त्याच्या शर्टाची बाही धरली.

तेवढ्यात रेवणचा मेसेज आला. "फासा टाकलाय. अकरा किंवा त्याच्या वर आला तर तू आमच्याकडे परत. नियम म्हणजे नियम."

चार टक्के. लाकडावर फाशाचा आवाज ऐकू येतोय. सुरुवातीला पावसाच्या थेंबासारखा होता, आता कुणी खडे टाकत चालत आल्यासारखा. तौफिकही ऐकतोय, पण वळून बघत नाहीये.

फासा आला. आमच्या दोघांच्या मध्ये आलाय, वेग कमी झालाय, पण थांबत नाहीये. सतरा दिसला, तीन दिसला, परत सतरा. तो पाण्याकडे निघालाय.

मी बाही सोडलेली नाही. मी म्हटलं, "तौफ्या, आकडा काही का पडेना. पलीकडे पहिलं पाऊल तुझं, आणि तिथं काय दिसतंय ते या वेळी तू सांगायचं. मी मध्ये बोलणार नाही, घड्याळ बघणार नाही. शब्द देतो."