बोट उचलायचं नाही

टक् असा आवाज झाला आणि थोड्या वेळानं आतल्या खोलीतून ऊर्मी म्हणाली, "अम्मा, रक्त येतंय."

तिची सासू सरोजा स्वयंपाकघरात उडदाचं वाटण केळीच्या पानावर थापत होती. आज सरोजाच्या सासूबाईंचं श्राद्ध. पहाटे डोक्यावरून पाणी घेऊन ती मडीचं लुगडं नेसली होती. मडी म्हणजे ऊर्मीच्या माहेरचं सोवळं. सांगलीत ते आता देवघरापुरतं उरलं होतं. सरोजाच्या तंजावरच्या मराठी लोकांनी मात्र तमिळ मुलखात तीनशे वर्षं राहून ते आणखी आवळून बांधलं होतं. स्वयंपाक संपेपर्यंत कुणाला शिवायचं नाही. शिवलं की पुन्हा डोक्यावरून पाणी, आणि शिजलेलं सगळं बाजूला. वाध्यार, म्हणजे श्राद्ध सांगणारे भटजी, साडेअकराला यायचे होते. घड्याळात नऊ चाळीस झाले होते.

"किती येते?" तिनं तिथूनच विचारलं.

"मला दिसत नाही. बोटाला लागलं."

दिसणार नव्हतंच. साखर मोजणारा सेन्सर लावायचा होता कमरेच्या मागच्या बाजूला, आणि लावायचा होता तिच्या नवऱ्यानं, विजयेंद्रनं. त्यानं दवाखान्यात बसून नर्सकडून दोनदा शिकून घेतलं होतं. काल संध्याकाळी शोळिंगनल्लूरच्या ऑफिसनं त्याला हैदराबादला पिटाळलं. मशीन दवाखान्याचं, गुरुवारी परत द्यायचं. तेव्हा ऊर्मीनं आरशाकडे पाठ करून, मान वळवून, स्वतःच सेन्सर टोचणारी स्प्रिंग सोडली होती.

आता थोडक्यात सांगायला हवं, कारण पुढे सांगायला सवड मिळणार नाही. ऊर्मीला वयाच्या अकराव्या वर्षापासून साखर. इन्सुलिन रोजचं. आणि पाचवा महिना. गेल्या मंगळवारी पहाटे ती हाका मारूनही उठली नव्हती. दातखीळ, अंग घामानं चिंब. विजयेंद्रनं हिरड्यांना मध चोळला तेव्हा कुठे डोळे उघडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखर नेमकी किती वाजता कोसळते हे दिसल्याशिवाय मी इन्सुलिन कमीजास्त करणार नाही. आणि असं पुन्हा झालं तर बाळाची हमी देणार नाही. म्हणून हा सेन्सर, म्हणजे एक तार. कातडीखाली तीन दिवस बसून दर पाच मिनिटांनी साखर मोजणारी, केसाएवढी. फ्रिजमध्ये डोशाच्या पिठाच्या डब्यामागे तिचं खोकं ठेवलं होतं. खोक्यात एकच होती. दुसरी परदेशातून यायला पंधरा दिवस.

ऊर्मीला नर्सचा कागद पाठ होता. ती पडल्यापडल्या म्हणून दाखवत होती, बहुधा स्वतःलाच:

रक्त आलं तर घाबरू नये. स्वच्छ गॉझनं तीन मिनिटं दाबून धरावं. हलकेच, पण सतत. मधे उचलून पाहू नये. पाहिलं तर पुन्हा पहिल्यापासून तीन मिनिटं. रक्त वर सेन्सरच्या टोपीत चढलं तर सेन्सर गेला. नवीन लावावा.

नवीन लावावा. हे लिहिणारीनं त्यांचा फ्रिज पाहिला नव्हता.

मिनिट पहिलं

सरोजाचा हात आधी कॉफी पावडरच्या डब्याकडे गेला. या घरात विळीवर बोट कापलं, गुडघा फुटला, की चिमूटभर पावडर. ऊर्मीनं डब्याचं झाकण वाजलेलं ऐकलं आणि आतूनच सांगितलं, पावडर नको, हळद नको, काही नको, फक्त दाबायचंय.

दाबायचं म्हणजे शिवायचं.

सरोजा दारात आली. ऊर्मी कुशीवर होती, साडीचा काठ खाली सरकवलेला. कमरेवर रुपयाएवढी पांढरी चकती, तिच्या मधोमध सेन्सरची टोपी, आणि चकतीच्या कडेनं लाल ओघळ चादरीकडे निघालेला. डॉक्टरीणबाईंनी रक्त पातळ ठेवायची बारीक गोळी दिली होती. ती आज आपलं काम चोख करत होती.

सरोजा चौकटीतून मागे फिरली आणि मडीची काठी घेऊन आली. ही काठी प्रत्येक घरात असते, निदान त्यांच्या प्रत्येक घरात: उंच दोरीवरचं मडीचं कापड हात न लावता काढायला, पुरुषभर उंचीची. ऊर्मीनं हात मागे करून गॉझ ठेवला. सरोजानं उंबऱ्याबाहेर उभं राहून काठीचं टोक त्या गॉझवर टेकवलं, आणि मोजायला लागली. देवाचं ती मराठीत म्हणायची, भांडायची मराठीत, पण आकडे तिच्या तोंडी तमिळच यायचे. एकतीस वर्षं तमिळ शाळेत गणित शिकवलेलं.

ओण्णु. रेण्डु. मूणु. नालु.

काठी थरथरली. गॉझ सरकला. ऊर्मी ओठ चावत म्हणाली, "अम्मा, मला वाळत घालताय का?"

सरोजाला हसू यायला हवं होतं. तिनं काठीकडे पाहिलं. तिचं टोक लाल झालं होतं, आणि

मिनिट पहिलं

हीच काठी नव्हती, पण अशीच होती. तंजावरला, पश्चिम राजवीथीच्या मागच्या गल्लीत, बत्तीस वर्षांपूर्वी. सरोजाला चौथा महिना होता आणि घरात कसलंसं श्राद्ध. ती मागच्या खोलीत पडली होती आणि खालचं कापड भिजत होतं. सासूबाई मडीत होत्या. त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या, रडल्या, खरंच रडल्या, आणि काठीच्या टोकावरून एकेक धुतलेलं कापड आत सोडत राहिल्या. आत आल्या नाहीत. सरोजा दर थोड्या वेळानं कापड उचलून पाहायची. कमी झालं का. थांबलं का. थांबलं नाही.

त्याच सासूबाईंसाठी आज बारा वडे.

बाहेरून तिच्या यजमानांनी, राघोत्तमरावांनी, विचारलं की तीळ निवडून ठेवलेत ते कुठे आहेत. तिनं काठी भिंतीशी टाकली. ती आडवी पडून घरंगळत कपाटाखाली गेली. सरोजा उंबरा ओलांडून आत गेली, पलंगाच्या कडेला बसली, नवा गॉझ घेतला आणि अंगठ्यानं दाबला.

ऊर्मीनं मान वळवली. "तुमचं सोवळं."

"उगी पड. हलूं नको."

"श्राद्ध आहे अम्मा. बाबा काय म्हणतील?"

"मी मोजत्ये," सरोजा म्हणाली.

अंगठ्याखाली तार होती. जोरानं दाबलं तर ती आत वाकेल. सैल सोडलं तर रक्त टोपीत चढेल. पानावर वडा थापताना असंच असतं, बोट जड झालं की पीठ पानाला चिकटतं, हलकं राहिलं की वडा मधे कच्चा. तिचं बोट ते जाणत होतं. तिचे डोळे जाणत नव्हते. बावीस. तेवीस. चोवीस, इरुबत्तिनालु, आणि तिला वाटलं की गॉझ ओला झालाय, नक्की ओला झालाय, फक्त एक कोपरा, नुसता एक कोप

मिनिट पहिलं

"उचललंत," ऊर्मी म्हणाली. तिनं रागावून म्हटलं नव्हतं. दमून म्हटलं होतं, ते जास्त लागलं.

ठिपका मोठा होत होता. लाल, आणि चकतीच्या कडेला येऊन थांबलेला. टोपीपासून तांदळाच्या दाण्याएवढा लांब. सरोजानं तिसरा गॉझ घेतला. पाकिटात चार होते. एक ऊर्मीनं ठेवला होता, तो काठीखाली गेला. एक तिनं मघाशी वापरला. आता हा. उरला एक.

ऊर्मी भिंतीकडे बघत बोलायला लागली. शांतपणे, ऑफिसात कुणाला काम समजावताना बोलत असेल तशी. तुम्ही पाहिलंत की वर धरलेला रक्ताचा पातळ पडदा फाटतो, मग ते पुन्हा पहिल्यापासून. पाहून काही होत नाही. पाहण्यानंच होतं.

सरोजानं ते ऐकलं. परीक्षेच्या हॉलमध्ये तिनं हजारो पोरांना सांगितलं होतं, मिनिटाला दोनदा घड्याळ बघू नका, त्यानं उत्तर येत नाही.

अकरा. बारा. स्वयंपाकघरात काहीतरी करपत होतं. भोपळ्याची भाजी. चढू दे वास. राघोत्तमराव दारापर्यंत आले. त्यांनी पलंग पाहिला, चादरीवरचा लाल डाग पाहिला, आणि त्यांच्या हातातली दर्भाची जुडी खाली पडली. बत्तीस वर्षांपूर्वी ते तंजावरच्या घराच्या ओसरीवर बसले होते. त्यांना आत बोलावलं नव्हतं. आता ते काही विचारायच्या आत सरोजा म्हणाली, तसलं नाही, सुईचं आहे, जा, गॅस बंद करा. ते गेले. मग त्यांनी गॅस बंद केल्याचा आवाज आला.

एकतीस. बत्तीस. अंगठ्याला मुंग्या येत होत्या. गॉझ ओला आहे का? ओला नाही. घाम आहे. तिचाच घाम. की

"ऊर्मी."

"काय?"

"माझे डोळे झाक."

(हे मिनिट मोडलं नाही, म्हणून याला नाव नाही)

ऊर्मीचा हात मागे आला, चाचपडत. आधी सरोजाच्या खांद्याला लागला, मग गालाला, आणि मग डोळ्यांवर बसला. पाच महिन्यांत, किंबहुना लग्नाला दोन वर्षं झाली त्यात, ऊर्मीनं नमस्कारापलीकडे सासूला हात लावला नव्हता. हात गार होता. बोटांच्या टोकांना रोजच्या सुयांनी घट्टे पडले होते. ते पापण्यांना खरखरीत लागत होते. सरोजा अंधारात मोजत राहिली, आणि आता मोठ्यानं, कारण न बोलता मोजलं तर मधेच तिला बाकीचं आठवत होतं. साठ झाले. पुन्हा एकपासून. ऊर्मीनं विचारलं, त्या वेळी कुणी होतं का तुमच्याजवळ? विजयेंद्रनं तिला कधीतरी सांगितलं असणार. सरोजा आकडा चुकू न देता म्हणाली, "सासूबाई उंबऱ्यात होत्या." पुढे बेचाळीस, त्रेचाळीस. दुसरे साठ झाले. तिसरे साठ लांब होते, शाळेतल्या शेवटच्या तासासारखे, मूल घंटेकडे कान लावून बसतं आणि घंटा होतच नाही तसे. पन्नासला तिला वाटलं की झाले, तिनं अंगठा तसाच ठेवला, साठला ठेवला, आणि साठच्या पुढे आणखी वीस मोजले, कारण गणिताच्या बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मोजणीवर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवलं होतं.

"आता," ती म्हणाली.

ऊर्मीनं हात काढला. सरोजानं गॉझ उचलला.

गॉझच्या मधोमध तपकिरी, सुकलेला ठिपका. कातडीवर बारीक काळपट टिंब. ओघळ नाही. टोपी पांढरी.

तरी काम झालं नव्हतं. टोपीला राखाडी शिंपल्याएवढा तुकडा जोडायचा, आणि त्यातला हिरवा दिवा लागला तरच तार जिवंत. ऊर्मीनं तुकडा हातात दिला, टोकाला टोक कसं बसवायचं ते सांगितलं. सरोजानं जोडला. दिवा लागला नाही. मग ऊर्मी म्हणाली की तो लगेच लागत नाही, थोडं थांबायचं असतं, असं नर्स म्हणाली होती. बहुतेक म्हणाली होती. सरोजानं यावेळी मोजलं नाही.

लागला. हिरवा. बंद झाला, पुन्हा लागला.

*

दहाला सरोजा दुसऱ्यांदा न्हायली. केस पुसायला वेळ नव्हता. पाठीवरून पाणी गळत ती पुन्हा चुलीपाशी उभी राहिली. राघोत्तमरावांनी दारातून विचारलं की किती पदार्थ कमी होतील. तिनं सांगितलं, पाच. पायसम होईल, वडे सहाच, भाज्या दोन. ते म्हणाले, अम्मा रागावेल. वारून बावीस वर्षं झाली तरी ते आईबद्दल असंच वर्तमानकाळात बोलायचे.

"त्यांना सांगा," सरोजा म्हणाली, "सून नातसुनेपाशी बसली होती. उंबऱ्याच्या आत."

त्यांनी मान हलवली. वाध्यारांना फोन करून अर्धा तास उशिरा यायला सांगायला गेले.

बाराला पाच कमी असताना ऊर्मीच्या कमरेला अडकवलेला, दवाखान्याच्या मशीनचा डबा वाजला. दिवा लागून दोन तास झाले होते. पहिला आकडा द्यायची वेळ. सरोजाच्या हातात वड्यांचं पान होतं. ती स्वयंपाकघराच्या चौकटीपर्यंत आली. पुढे आली नाही, मडी होती. बोटातून थेंब काढायचा, साखर तपासायच्या रोजच्या यंत्रात घालायचा, आकडा डब्यात भरायचा, मग डब्यानं स्वतःचा आकडा दाखवायचा. समोर, खोलीच्या दारात, ऊर्मी डबा डोळ्यांजवळ धरून उभी होती.

"आला?"

"थांबा."

पानावरचे वडे कलंडायला लागले. सरोजानं ते दुसऱ्या हातानं सावरले, डोळे डब्यावरून न काढता.

"एकशे आठ," ऊर्मी म्हणाली. "अम्मा, दिसतंय."