पाठीवरचा इस्त्रीचा डाग

माझ्या धाकट्या जावेचं एक खूळ होतं. पांढरं कापड मशीनवर असलं की खोलीत पाणी आणू द्यायची नाही. थेंब उडेल, डाग पडेल. स्वतः प्यायची नाही, उठायला लागू नये म्हणून लघवीही दाबून बसायची. अंगात साखर मुरलेली, डॉक्टर सांगून थकले. पण दोघींचे नवरे गेल्यावर शिवणाचं दुकान चाललं ते तिच्या हातच्या काजांवर, मग तिचा तोरा काय विचारता.

बँडवाल्यांचे पांढरे शर्ट शिवायला आले आणि तिला हुडहुडी भरली. कमरेच्या वर एका बाजूला दुखत होतं. “वाकून वाकून उसण भरलीय,” म्हणाली, आणि गरम इस्त्री फडक्यात गुंडाळून पाठीला लावून बसली. शिवणाऱ्या बायका आम्ही, दुखलं की इस्त्री. पण ताप उतरेना, वर ओकायला लागली, तेव्हा मी तिला दवाखान्यात ओढून नेलं.

डॉक्टरीणबाईंनी पाठ उघडली. इस्त्रीचं टोक जसंच्या तसं उमटलं होतं, लालभडक.

“हे दुखलं नाही?”

“छे हो, मस्त शेक बसला.”

साखरेनं नसा बधिर झालेल्या. आतले फोटो काढले, तर किडनीत पू झालेला आणि जंतूंनी आत गॅस केलेला. सलाइनमधून औषध, साखरेला इन्सुलिन, आणि पाठीतून किडनीत नळी घालून पू काढायला पिशवी लावली. “उतार पडला नाही तर किडनी काढावी लागेल,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

जावेनं पिशवी मला दाखवली. “बघा जाऊबाई, मला खिसा लावला.”

“तिरका लावलाय.”

“मग तुम्हीच शिवला असणार.”

उतार काही पडला नाही. रक्तदाब खाली खाली जायला लागला. ऑपरेशनला नेताना तिनं माझा पदर धरला.

“काजं तुम्ही करू नका हं. तुमची काजं म्हणजे उंदरानं कुरतडल्यासारखी. मी आले की करीन.”

“आधी ये तर खरी.”

“येते की. घोटभर पाणी द्या ना.”

जन्मभर पाण्याला नको म्हणणारी, आज मागत होती. नर्सनं मानेनंच नाही म्हटलं, ऑपरेशनआधी पोटात काही चालत नाही. मी ओल्या कापसानं तिचे ओठ तेवढे पुसले.

किडनी काढली. पण विष अंगभर भिनलं होतं, ती शुद्धीवर आलीच नाही. डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, “साखरेच्या माणसाला थंडीताप आला, कूस दुखली, तर शेकत बसायचं नसतं हो.”

काजं मीच केली. तशीच, कुरतडल्यासारखी. मशीनशेजारी पाण्याचा पेला ठेवला होता. कोपर लागलं आणि पाणी शर्टावर सांडलं. मी मान वर करून तिच्या स्टुलाकडे पाहिलं, आता ही माझा उद्धार करणार म्हणून. मग शर्ट उचलला आणि वाळत घातला.

साधं पाणी ते. वाळल्यावर डागसुद्धा राहिला नाही.