तानभाऊची सही

शिवशंकर अप्पांच्या दालमिलमध्ये डाळ निवडायचं कॅमेऱ्याचं मशीन बसलं, पण लातूरच्या एमआयडीसीत चर्चा झाली ती मशीनबरोबर चीनहून आलेल्या पोराची. तेवीस वर्षांचा, अंगानं काडी, नाव तान शूहाओ. पहिल्या दिवशी तो तानसाहेब होता, तिसऱ्या दिवशी तानभाऊ झाला. आठव्या दिवशी सिंधुबाईनं त्याच्या ताटात स्वतःच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी वाढली, म्हणजे तो घरचाच झाला. सिंधुबाई आमच्या निवडणाऱ्या बायांची मुकादम. अप्पांनाही ती चटणी मागावी लागते.

मी तिथला मुनीम. बत्तीस वर्षं गेटजवळच्या टेबलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडं बघतो. कोणत्या ड्रायव्हरचं टायर खरंच फुटलं आणि कोण धाब्यावर झोपला होता, हे मला त्यानं दार लावायच्या आत कळतं. खोटं बोलणारा माणूस जास्तीची माहिती पुरवतो, न विचारलेली. खरा माणूस दोन वाक्यांत गप्प होतो. अप्पा नवा माणूस घेताना कागद नंतर बघतात, आधी मला विचारतात.

तानभाऊशी सगळं बोलणं फोनवरून चालायचं. तो चिनीत बोलायचा, फोनमधली बाई तेच हिंदीत सांगायची. बाई लई अदबीची. "कृपया अपना हाथ मशीन से बाहर निकालिए," असं ती म्हणाली की आमचे मिस्त्री महेबूबभाई आधी फोनला सलाम करायचे, मग हात काढायचे.

एकदा जेवताना ऑफिसातल्या अंजूनं त्याला विचारलं, "याच्या आधी काय करत होतास?"

"खेळत होतो," तो म्हणाला.

अंजूनं फोनवर शोधलं आणि तिचा घास हातातच राहिला. फोटोत तानभाऊ कोट घालून लाकडी पटासमोर बसलेला, चहूबाजूंनी कॅमेरे. तो गो नावाच्या खेळाचा व्यावसायिक खेळाडू निघाला. तेराव्या वर्षी परीक्षा पास होऊन खेळाडू झालेला, एकोणिसाव्या वर्षी पाचव्या पायरीवर. आठ वर्षांचा असताना आई त्याला घेऊन बीजिंगला गेली, खोली केली. पोरगा दहा-दहा तास पटासमोर, आई बाहेर बाकावर डबा घेऊन. शाळा नावालाच. बाप गावाकडं एकटा.

"म्हंजी आपल्या ट्यूशन एरियावानीच की!" सिंधुबाई म्हणाली. "माझी नणंद नायगावहून येऊन दोन वर्षं अशीच खोली करून राहिली. पोरगं डॉक्टर झालं न्हाई, नणंदेला बीपी झाला."

"मग सोडलं का?" महेबूबभाईंनी विचारलं.

तानभाऊनं फोन तोंडाजवळ धरला. दोन वर्षांपूर्वी एका ऑनलाइन सामन्यात त्यानं त्याच्याहून फार मोठ्या खेळाडूला हरवलं. संघटनेनं आरोप ठेवला की चाली कॉम्प्युटरला विचारून खेळल्या. दोन वर्षं बंदी. ती या महिन्याअखेरीस संपत होती, पण अट होती: चूक कबूल केल्याच्या पत्रावर सही करायची. सही केली तर परत घ्यायचं की नाही यावर विचार होईल. नाही केली तर नाव कायमचं काढून टाकणार.

"मी केलं नाही. सही कशी करू?" बाईनं हिंदीत सांगितलं. तो गप्प झाला.

दोन वाक्यं. मी मनात शिक्का मारला: पोरगा खरा आहे. संध्याकाळपर्यंत तो शिक्का मिलभर झाला. सिंधुबाईनं त्या संघटनेला असल्या शिव्या घातल्या की फोनमधल्या बाईलाही त्या सांगता आल्या नाहीत. "घरचे काय म्हणून राहिले?" असं महेबूबभाईंनी विचारलं, तेव्हा कळलं, आईनं यापायी सख्ख्या बहिणीशी बोलणं टाकलं होतं. माझं पोरगं चोर नाही, असं ती दारोदार सांगत होती.

दुसऱ्या दिवशीपासून मिलमध्ये गो सुरू झाला. गोदामाच्या फरशीवर खडूनं नऊ उभ्या, नऊ आडव्या रेघा. काळ्या गोट्या म्हणजे चिंचोके, पांढऱ्या म्हणजे काबुली चणे. रेघा मिळतात तिथं आळीपाळीनं एकेक ठेवायची, ठेवलेली हलवायची नाही, आणि समोरच्याला घेरून जागा धरायची. दोन वर्षं त्यानं गोटीला हात लावला नव्हता, हे तो म्हणाला नाही. पहिला चणा उचलताना त्याची दोन बोटं जी थांबली, त्यावरून मीच ओळखलं.

महेबूबभाई वाघ-बकरीच्या डावात अख्ख्या गल्लीला ऐकत नाहीत. पंधरा दिवसांत त्यांनी बाकी सगळ्यांना मागं टाकलं. तानभाऊ त्यांना पाच चिंचोके आधीच मांडू द्यायचा आणि तरीही रोज हरवायचा. महेबूबभाई रोज म्हणायचे, "आज नजर लागली."

अठ्ठावीस तारखेला दुपारी फीडरच्या कामामुळं लाईट गेलेली. मिल बंद, सगळे पटाभोवती. उद्या तानभाऊ अप्पांचे मेहुणे शेषेराव यांच्या मिलमध्ये दुसरं मशीन बसवायला नांदेडला जाणार होता. शेवटचा डाव. महेबूबभाईंनी एका कोपऱ्यात असं काही घेरलं की तानभाऊ बराच वेळ वाकून बघत राहिला. मग त्यानं वाटीत हात घातला आणि दोन चणे उचलून एकदम पटावर ठेवले.

"ए ए ए!" महेबूबभाई उभेच राहिले. "दोन? एकदम दोन? हारून राहिला म्हणून चोरी करतो काय बे? बघा मुनीमजी, चोर हाय ह्यो!"

हसतच म्हणाले ते. आम्हीही हसलो. फोन पटाशेजारी चालूच होता. बाईनं ते शब्द निमूटपणे चिनीत सांगितले.

तानभाऊनं फोन उचलला. त्यानं चपलाही घातल्या नाहीत. अनवाणी गेटबाहेर गेला तो त्या दिवशी परत आलाच नाही.

अंजूनं तोवर आपल्या फोनमध्ये शोधलं. "काका," ती हळूच म्हणाली, "गोमध्ये हार मानायची असंल तर दोन गोट्या एकदम पटावर ठेवतात. रिवाज हाय त्यांचा. तो हारला होता. महेबूबचाचा जिंकले होते."

महेबूबभाई मटकन पोत्यावर बसले. आयुष्यात पहिल्यांदा एका खऱ्या खेळाडूला हरवलं, आणि त्याच दमात त्याला चोर ठरवलं. ज्या शब्दापायी पोरगा देश सोडून आला, तोच शब्द. "या अल्ला," एवढंच ते म्हणत राहिले. सिंधुबाईनं मात्र सोडलं नाही: "जिंकायची सवय नसली की असंच होतंय, भाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी तानभाऊ बॅग घेऊन गेटवर उभा होता; त्याला नांदेडला सोडायला निघालेल्या गाडीत मी महेबूबभाईंनाही घेतलं. अहमदपूर गेलं तरी तानभाऊ खिडकीबाहेरच बघत होता. लोह्याला चहाला थांबलो. टेबलाशी बसल्यावर महेबूबभाईंनी त्याचा फोन आपल्याकडं ओढला आणि शाळेतल्या पोरासारखे त्यात बोलले, "बेटा, मला रिवाज ठाऊक नव्हता. तू चोर न्हाईस. गलती माझी. माफ कर."

बाईनं सांगितलं. तानभाऊनं मान हलवली, नाही अशी. मग तो बोलायला लागला. आणि बाई तिच्या त्याच अदबीच्या आवाजात सांगत गेली.

"आप सही थे. मैंने चोरी की थी."

माझ्या हातातला कप बशीत आपटला.

फोन मांडीखाली होता, तो म्हणाला. हॉटेलची खोली, पडदा निळा. सामना हातातून चालला होता. सतरा चाली विचारून खेळलो. नंतर कुणी ओळखू नये म्हणून शेवटच्या काही मुद्दाम वाईट खेळलो. जिंकल्यावर आईनं बाजारातून मासा आणला होता. न विचारलेलं सगळं तो सांगत होता, एकामागून एक, आणि त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं. बत्तीस वर्षं मी कुणाकुणाला खोटं ठरवून गेटवरून परत पाठवलं असेल, ते सगळे लोह्याच्या त्या चहाच्या हॉटेलच्या पत्र्याखाली येऊन उभे राहिल्यासारखं झालं.

"मग आमाला खोटं का सांगितलं?" मी विचारलं. आवाज चढला होता माझा.

"आईला जे सांगितलं, तेच सगळ्यांना सांगतो," तो म्हणाला. "सही केली तर ती लोकांत खोटी पडते. काल मी खरा हरलो. फार वर्षांनी. आणि तुम्ही चोर म्हणालात, तेव्हा वाटलं इथंपर्यंत कळलं."

महेबूबभाईंकडं मी बघितलं. मला वाटलं ते उठून जातील. माफी मागायला आलेला माणूस, आणि समोरचा म्हणतो माझी चोरी खरीच. पण ते गाणं लावून बसलेल्या हॉटेलवाल्याकडं वळून ओरडले, "बंद कर रे ते!" मग फोन परत तानभाऊच्या हातात दिला. "आईला लाव," म्हणाले. "आत्ता."

पडद्यावर आखूड केसांची एक बाई आली, मागं स्वयंपाकघर. तानभाऊ चिनीत बोलला. अर्धं मिनिटसुद्धा नाही. आईनं फोन कुठंतरी ठेवला असावा, कारण आम्हाला नुसतं छत दिसायला लागलं. पाणी वाजत होतं. भांडं घासल्याचा आवाज आला. एक भांडं, दुसरं भांडं. तानभाऊ त्या छताकडं बघत बसला. त्यानं फोन बंद केला नाही, तिनंही केला नाही.

मग छतातूनच तिचा आवाज आला. एकच वाक्य. आणि तानभाऊच्या तोंडून श्वास असा सुटला, जसा पाठीत रपाटा बसल्यावर सुटतो.

"काय म्हणाल्या?" महेबूबभाईंनी विचारलं.

त्याला फोनमधल्या बाईची आठवण राहिली नाही. मोडक्या हिंदीत स्वतःच बोलला, "बोली... अठ्ठावन नंबर चाल से. उसको मालूम था. उसी दिन से."

वर्षानुवर्षं बाकावर डबा घेऊन बसलेली बाई. खेळ तिलाही येत होता, हे पोराच्या कधी लक्षात आलं नव्हतं. माझ्याही आलं नाही. माहीत असून दोन वर्षं ती दारोदार सांगत फिरली, बहीण तोडली, आणि पोराला एकदाही विचारलं नाही.

तानभाऊनं त्याच फोनवर संघटनेचं पत्र उघडलं आणि बोटानं पडद्यावर सही केली. ती वाकडी आली. पुसली, परत केली. पाठवली.

"आता घेतील का परत?" मी विचारलं.

"मालूम नहीं."

माझा फोन वाजला. नांदेडहून शेषेराव ओरडत होते, मशीन येऊन पडलंय, माणूस कुठंय तुमचा. "निघालोच की," मी म्हणालो. टेबलावरून मात्र कुणीच उठलं नाही. तिकडं भांडी घासणं चालूच होतं.