फितीचं शून्याचं टोक

रविवारी सकाळी नेवेनानं बापाच्या हातात मोजफितीचं शून्याचं टोक दिलं आणि ती ऑलिव्हच्या झाडांमधून खाली उतरू लागली. तिवात या किनाऱ्यावरच्या शहरात, एका परदेशी कंपनीत, ती सर्व्हेअरची उमेदवारी करत होती. हॉटेलं, गोदामं, दुकानांचे गाळे कसे मोजायचे, त्यांची किंमत कशी ठरवायची, हे शिकत होती. आज सरावाला घरचीच जमीन होती.

"घट्ट धरा, बाबा."

"धरलंय! तूच नीट ओढ, लेका!" रादोये वरून ओरडला. तिकडचे बाप लाडात आले की लेकीलाही मुलासारखी 'लेका' अशीच हाक मारतात. "हॉटेलवाल्यांनाही अशीच ढिली मोजून देतेस काय?"

"ते फीत धरून गप्पा मारत नाहीत."

रादोये पोट धरून हसला. फीत लोंबकळली.

जागा बघत फिरणारा एक गृहस्थ रस्त्यावर गाडी थांबवून उतरला. खाली पसरलेल्या खाडीकडे बघत म्हणाला, "नशीबवान आहात. मुलं किती तुम्हाला?"

"एक," रादोये सहज म्हणाला. "बाल्शा. निक्शिचला नोकरीला आहे."

फीत पुन्हा दोघांच्या मध्ये ताणलेली होती. नेवेनानं आकडा वाचला, मोठ्यानं सांगितला, आणि ती पुढच्या झाडाकडे गेली. मोजण्याआधी जागा कोणाची ते विचारायचं, हा कंपनीतला पहिला धडा. बापाला मात्र तिनं तो प्रश्न कधीच विचारला नव्हता.

सोमवारी त्याच झाडांखाली रादोयेचं हृदय थांबलं.

सांत्वनाला आलेल्यांचे हात हातात घ्यायला पुरुषांची रांग उभी राहिली. बाल्शा, क्रस्तोकाका, चुलतभाऊ. नेवेना स्वयंपाकघरात कॉफी उकळत राहिली. रस्त्यावरच्या खांबावर चिकटवलेल्या निधनपत्रात तिचं नाव पुतण्यांच्याही खाली होतं. घर माणसांनी भरलं होतं, आणि बापाविषयी दोन शब्द बोलावेत असं तिला त्यात कोणी नव्हतं.

काही आठवड्यांनी क्रस्तोकाका राकिया या घरगुती दारूचा पेला घेऊन बसले. "उद्या नोटरीकडे जायचंय, पोरी. तुझा वाटा भावाला देऊन टाक. चांगल्या बहिणी देतात."

"आणि नाही दिला तर?"

"ऐका! हॉटेलं मोजता मोजता हिला मालकीण झाल्यासारखं वाटायला लागलं!"

आई हळूच म्हणाली, "मीही दिला होता गं, माझ्या भावांना. माहेर राहतं त्यानं."

"मामा शेवटचा कधी आला होता, आई?"

आईनं कॉफीचं भांडं उगाच पुसलं. "रस्ता लांबचा आहे."

बाल्शा ओशाळून म्हणाला, "नेवे, दार तुला कायम उघडं आहे."

"कोणाचं दार, बाल्शा?"

त्यानं काकांकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी नोटरीबाईंपुढे आईनं आधी आपला वाटा बाल्शाच्या नावे करून सही केली. काकांनी सह्या उरकल्यावरच्या जेवणासाठी खानावळीत टेबल सांगून ठेवलं होतं.

"मयताला मुलं किती?" बाईंनी विचारलं.

"एक," काका म्हणाले. "आणि ही बहीण. वाटा सोडायला आली आहे."

बाई नेवेनाकडे वळल्या. हा प्रश्न त्यांनी इतक्या बहिणींना विचारला असावा की त्यांचा आवाज सपाट झाला होता. "कायद्यानं तुमचा वाटा भावाइतकाच आहे. स्वखुशीनं सोडता ना?"

नेवेनानं आईकडे बघितलं. आई जमिनीकडे बघत होती. आता आपण बोललो तर त्या घरात आपल्यासाठी कॉफी उकळणारं कोणी उरणार नाही, हे तिला स्पष्ट दिसत होतं. रविवारची ती ताणलेली फीतही दिसत होती. तिचं दुसरं टोक धरायला आता कोणी नव्हतं.

"दोन," ती म्हणाली.

"काय दोन?" काका खेकसले.

"माझ्या बाबांना दोन मुलं होती." ती काकांकडून बाईंकडे वळली. "दुसरी मी. माझा वाटा मी सोडत नाही."