दहाव्याला वरची गुंज

मी सोनाराची एक जुनी तागडी आहे. दोन पितळी पारडी, वर पोलादी दांडी आणि दांडीच्या मधोमध सुईसारखा काटा. मित्रांनो, काचेच्या पेटीत मला पाहून तुम्हाला वाटत असेल की हिने जन्मभर सोनंच तोललं. अर्धा जन्म तोललं. उरलेला अर्धा मी दारू तोलली. बंदुकीची दारू.

माझा जन्म सावंतवाडीचा. माझे मालक हेमचंद्र पेडणेकर यांनी मला एका जुन्या पंच्यात गुंडाळून दुबईला आणलं. बर दुबई भागात, मीना बाजारातल्या एका कापडाच्या दुकानाच्या वर आमचा कारखाना होता. सहा कारागीर एका रांगेत बसत. मला हातात घेतलं की मालक आधी पंखा बंद करायचे, मग श्वास रोखायचे. रोज सकाळी मलमलीच्या फडक्याने माझी पारडी पुसायचे.

त्यांच्या वडिलांची एक शिकवण होती. गिऱ्हाइकाला दहा मणी दिले, की दहाव्याला वरची गुंज द्यायची. गुंज म्हणजे ती लाल बी, सोनाराचं सर्वांत लहान वजन. नाव गुंजेचं, प्रत्यक्षात पारडं केसभर खाली जाऊ द्यायचं एवढंच. सोनाराने कमी दिलं, असं कुठल्या घरात कोणी म्हणू नये. मालकांच्या बोटांना हे इतकं सवयीचं झालं होतं, की ते करतात हे त्यांनाही कळत नसे.

दोन हजार आठच्या अखेरीस मंदी आली. उभ्या इमारतींवरच्या क्रेन जागच्या जागी थांबल्या. डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीतली आमची गिऱ्हाइकं सामान विकून मुंबई-पुण्याला परतली. पुढच्या मार्चमध्ये कारखान्याच्या शेठने सगळ्यांना बोलावून एकच शब्द सांगितला, “खलास.” व्हिसा रद्द झाला. एका महिन्यात दुसरं काम शोधायचं, नाहीतर घरी जायचं. गावी मालकांचं दुकान नव्हतं, आणि सोनारकामाशिवाय दुसरं काही येत नव्हतं.

अल बर्शात राहणारे सूर्यकांत आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांची मुलगी ईशानी रायफलने तीनशे मीटरवर नेम मारायची. त्यांनी सांगितलं की शारजाबाहेर वाळवंटात तिचा क्लब आहे, तिथे काडतुसं हाताने भरतात, सरकारी परवानगीने, कुलपाच्या खोलीत. तिथे स्थिर हाताचा माणूस हवा आहे.

त्या खोलीच्या प्रमुख होत्या बिलकीस पारकर. मूळच्या चिपळूणच्या, बोलायला कडक. त्या म्हणाल्या की इथलं वजन ग्रेनमध्ये असतं, ग्रॅममध्ये नाही, आणि नवीन माणसं नेमकं तिथेच चुकतात. मालक म्हणाले, “एका तोळ्याचे एकशे ऐंशी ग्रेन. वडिलांनी पाठ करून घेतलं होतं.”

बिलकीसबाईंनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचा इलेक्ट्रॉनिक काटा एसीच्या वाऱ्याने हलत असे. त्यांनी आपली वजनं आणून मला दहा वेळा तपासलं. मी दहाही वेळा तेच सांगितलं. तीन महिने बघू, म्हणाल्या. पटलं तर सही, नाही तर घरी.

मालकांनी बायकोला, कावेरीवहिनींना, फोन केला. नोकरी मिळाली, आता दिवसभर दारू मोजायची आहे, असं सांगितलं. मग वहिनी शांतपणे म्हणाल्या, “आणि रात्री?”

काम तसं ओळखीचंच होतं. पितळेच्या नळ्या स्वच्छ करून सारख्या वजनाच्या निवडायच्या, मी तोललेली दारू प्रत्येकीत घालायची, आणि शेवटी तोंडावर गोळी बसवायची. कोंदणात खडा बसवतात तशी, सगळ्यांत सारखीच खोल. भरलेली काडतुसं दहा-दहाच्या डब्यात ओळीने ठेवायची आणि उन्हापासून लांब न्यायची, कारण तापलेलं काडतूस गोळी वर मारतं.

तिसऱ्या महिन्यात ईशानीची निवड स्पर्धा पंधरा दिवसांवर आली. तिच्या नऊ गोळ्या एका जागी जायच्या, आणि दहावी दीड बोट वर. प्रशिक्षक म्हणाले की शेवटी तिचा श्वास तुटतो. बिचारी आठवडाभर श्वासाचे व्यायाम करत राहिली. मग एके दिवशी तिने डबा उलटा धरला आणि दहावं काडतूस आधी झाडलं. पहिलीच गोळी वर गेली. ती तडक आमच्या खोलीत आली.

“काका, इट्स नॉट मी,” ती म्हणाली. “दहावंच वेगळं आहे.”

बिलकीसबाईंनी मालकांना तिथल्या तिथे एक डबा भरायला सांगितला आणि त्या मागे उभ्या राहिल्या. दहाव्या वेळी माझं पारडं केसभर खाली गेलं. बाईंनी मालकांचा हात धरला.

“हे काय केलंत?”

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला. “वरची गुंज,” ते म्हणाले. “सवय आहे. गिऱ्हाइकाला कमी पडू नये म्हणून.”

“इथे गिऱ्हाईक नाही, पेडणेकर. दारू वाढत गेली तर बंदूक फुटते. आणि ती या पोरीच्या गालाला टेकलेली असते.”

मालक खुर्चीत बसले. मित्रांनो, त्या खोलीत माझ्याइतकं दोषी कोणी नव्हतं. मी दर वेळी खाली झुकून सांगत होते, पण ती खूण त्यांना मायेची वाटत होती.

कपाटात दोनशे काडतुसं भरलेली होती. बाई म्हणाल्या, फक्त दहावी बाजूला काढा. मालक नाही म्हणाले. बोटांनी आणखी कुठे काय केलं ते त्यांनाच माहीत नव्हतं, तेव्हा सगळीच उघडायची. दोन दिवस ते एकेक गोळी बाहेर काढत होते आणि आतली दारू पुन्हा माझ्यावर ठेवत होते. वीस जास्त निघाली, एकशे ऐंशी बरोबर. चूक आपली, असं त्यांनी वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिलं, खाली नाव घातलं आणि बॅग भरायला घेतली. मग ईशानीसाठी नवी काडतुसं भरली. दर दहाव्याला ते हात मागे घेऊन थांबत.

स्पर्धेत ईशानी तिसरी आली आणि निवडली गेली. तिने नेमाचा कागद आणून दाखवला. दहा भोकं, एका खारकेएवढ्या जागेत. बिलकीसबाईंनी तो उजेडात धरून पाहिला, मग मालकांच्या नोकरीच्या कागदावर सही केली. “पण दहावं मी तोलणार,” म्हणाल्या. पुढची बारा वर्षं प्रत्येक डब्यातलं दहावं काडतूस त्यांनीच तोललं.

मग काचेच्या झाकणाचा नवा इलेक्ट्रॉनिक काटा आला. माझ्यावर धूळ बसू लागली. मालकही थकले होते. ते गावी निघाले त्या दिवशी ईशानी आली, कडेवर तिची लेक आभा. तिच्यासाठी मालकांनी सोन्याचे चिमुकले डूल घडवले होते. त्यांनी मला पुसलं, एसी बंद केला, श्वास रोखला. एका पारड्यात ठरलेलं वजन, दुसऱ्यात डूल. काटा मधोमध थांबला. मग त्यांनी डुलांशेजारी एक इवलासा सोन्याचा मणी ठेवला, आणि मी झुकले.

“पेडणेकर,” बिलकीसबाई दारातून म्हणाल्या, “हे दहावं का?”

“नाही,” मालक म्हणाले. “इथे गिऱ्हाईक आहे.”

त्यांनी मला क्लबलाच दिलं. मित्रांनो, कधी पेटी उघडलीत तर माझी पारडी कोरड्या फडक्याने पुसा, आणि पुसताना दांडीवर जोर देऊ नका. मला अजून केसाएवढा फरक कळतो. पण पारड्यात काय आहे ते मला कळत नाही. ते तुम्ही बघा.