पिंपाचा आवाज

तनुजाचं डोकं फिरलं ते जेवणाच्या सुट्टीत, आणि तेही मटकीच्या उसळीचा पहिलाच घास तोंडात असताना.

चाकणच्या ज्या कंपनीत गाड्यांच्या वायरिंगच्या जुड्या बांधतात, तिथे ती लाइन लीडर होती. हाताखाली बावीस पोरी. त्यातली करिष्मा लातूरकडची आणि गरजेपेक्षा बोलकी. ती मोबाइल नाचवत कॅन्टीनमध्ये तिच्या टेबलाशी आली.

"मॅडम, हे सुरज सर तुमचेच भाऊ हायेत ना? लई भारी व्हिडिओ टाकलाय बघा. चाळीस हजार लोकांनी बघितलाय."

भाऊ तिचाच होता. तिच्याहून दोन वर्षांनी लहान. आठवडाभर तळवड्याच्या आयटी पार्कात नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी जुन्या व्हिडिओ गेमांवर बडबड करून ती चॅनेलवर टाकायची, हा त्याचा उद्योग. केस पांढरे व्हायला लागले तरी सुटला नव्हता. तनुजा ते कधी बघायची नाही, कारण तिची सुट्टी धुण्यात जायची. पण करिष्माने मोबाइल पाण्याच्या जगला टेकवून समोर उभाच केला. मग काय करणार, बघावं लागलं.

व्हिडिओत दोन गेमांची तुलना होती. तीसेक वर्षांपूर्वी टीव्हीला जोडायची दोन मशीनं एकमेकांच्या उरावर बसलेली होती, एक काळं आणि एक करडं. काळ्यावर 'डॉक फाइटर' नावाचा गेम, करड्यावर 'सिटी हॅमर'. एकाने दुसऱ्याच्या वहीत बघून लिहावं इतके दोन्ही सारखे. दोन्हींत एक दांडगा गडी रस्त्याने चालत सुटतो, समोर येईल त्या गुंडाला बुकलतो, वाटेतलं लोखंडी पिंप फोडतो आणि त्यातून निघालेली भाजलेली कोंबडी खाऊन ताजातवाना होतो. रस्त्यावरच्या पिंपातली कोंबडी खाऊन माणूस ताजातवाना कसा होईल, त्याला जुलाब होतील, असं तनुजाला लहानपणीही वाटायचं. मोठा फरक एकच होता. काळ्या मशीनवर दोघांना मिळून खेळता यायचं, करड्यावर एकट्यालाच.

सुरज एकेका गोष्टीला गुण देत चालला होता. चित्रं काळ्याची चांगली, वेग काळ्याचा चांगला, दोघांनी खेळायची सोय तर फक्त काळ्यालाच. करड्याचं काही खरं नव्हतं. मग तो आवाजावर आला आणि खुर्चीत पुढे सरकला.

"इथे काळं मशीन मातीत जातं, मित्रांनो. सिटी हॅमरमध्ये पिंपावर ठोसा बसला की आधी 'ढब्ब' होतं आणि मागून पत्रा थरथरल्यासारखा 'द्रंऽऽग' लांबत जातो. इतकी वर्षं झाली, माझ्या कानात अजून आहे. शाळेतून आलो की मी एकटाच टीव्हीसमोर बसायचो. मी आणि तो आवाज. त्या एका आवाजासाठी माझा कौल करड्याला!"

तनुजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घास कसाबसा गिळून तिने मोबाइल पालथा घातला.

"आवडला नाही का, मॅडम?" करिष्माने विचारलं.

"जेव जा," तनुजा म्हणाली.

एकटाच? मेल्या, एकटाच?

त्यांचे अप्पा पिंपरीच्या एका कारखान्यात पत्रे दाबायच्या प्रेस शॉपला होते. सुरज तो गेम खेळायचा त्या दोन वर्षांत त्यांनी कायमची तिसरी शिफ्ट मागून घेतली होती. सकाळी घरी यायचे, भाकरी खायचे आणि चार वाजेपर्यंत झोपायचे. चिंचवडात दोन खोल्यांचं घर. अप्पा झोपलेले असताना घरात चमचासुद्धा वाजता कामा नये, असा आईचा कायदा होता. दुधवाल्याला कडी वाजवायची बंदी. तिसऱ्या शिफ्टच्या घरातली पोरं चवड्यांवर चालायला शिकतात, तशी ही दोघंही शिकली होती.

अशा घरात मस्कतहून मामा आला आणि सिटी हॅमरसकट करडं मशीन देऊन गेला. "पोरांना घ्या खेळायला," असं तो म्हणाला होता. पोरांना म्हणजे दोघांना, असं बारा वर्षांच्या तनुजाला वाटलं. पहिल्याच दिवशी तिने हात पुढे केला, तर सुरजने खेळायचा रिमोट छातीशी धरला. "एकट्याचाच गेम आहे, ताई. मी मेलो की तू." मग तो मेला की "हा धरायचा नाही" म्हणून पुन्हा सुरू करायचा. ती रडकुंडीला आली की आई आतून दबक्या आवाजात म्हणायची, "खेळू दे त्याला. तू ये इकडं, कणीक तिंब."

आणि टीव्ही मुका. दुपारी बारा ते चार खेळायची मुभा, पण आवाज शून्यावर. चारला अप्पा उठले की मशीन कपाटात, आणि सुट्टीच्या दिवशी टीव्ही अप्पांचा. सुरज कुरकुरायला लागला की मुक्या गेममध्ये मजा नाही, कुणाला मारल्यासारखं वाटतच नाही. तेव्हा कणकेचे हात धुऊन तनुजा त्याच्या मागे जाऊन बसली आणि त्याच्या कानाशी कुजबुजत आवाज काढायला लागली. ठोशाला ठक. लाथेला सप्प. गुंड पडला की आऽक. पिंपाचा आवाज तिला सहज जमेना. मोरीबाहेर पाण्याचं पत्र्याचं पिंप होतं, त्याला अप्पा उठल्यावर बुक्क्या मारमारून तिने तो बसवला. ओठ मिटून घशातून ढब्ब, मग जीभ टाळ्याला लावून नाकातून द्रंऽऽग. दोन वर्षं ती रोज हे करत होती. मग एकदा वीज कमीजास्त झाली, मशीन जळालं आणि प्रकरण मिटलं. खऱ्या गेममध्ये पिंप कसं वाजतं, हे त्या घरात कुणीही, कधीही ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी कंपनीच्या बसमधून तिने सुरजला फोन लावला.

"तुझा व्हिडिओ बघितला."

"अरे वा! कसा वाटला?"

"तो पिंपाचा आवाज माझा आहे, सुर्‍या."

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या तोंडाचा. टीव्ही बंद आवाजात असायचा. मी मागे बसून काढायचे. विसरलास?"

पलीकडे तो हसला. त्याने हसायला नको होतं.

"ताई, कधीतरी काढला असशील. पण मशीनचा आवाज आणि माणसाच्या तोंडचा आवाज मला कळत नाही का? हा माझा विषय आहे."

"तुझा विषय तुझ्यापाशी ठेव. पुढच्या व्हिडिओत माझं नाव घेऊन सांग, की मी एकटा नव्हतो, ताई होती आणि तो आवाज तिचा होता. एवढंच सांग. मला दुसरं काही नको."

"लोक गेम बघायला येतात गं. आपल्या घरचं रामायण ऐकायला नाही."

तिने फोन कापला. भोसरीपर्यंतच्या ट्रॅफिकमध्ये तिला एकही हॉर्न ऐकू आला नाही. चाळीस हजार लोकांसमोर हा सांगतो की मी एकटा होतो! मग तिथे मागे दोन वर्षं कोण बसलं होतं, मांजर?

पुढचे चार दिवस लाइनवरच्या पोरींनी विनाकारण बोलणी खाल्ली. एका जुडीची टेप तिरकी गेली म्हणून तिने एकीला रडवलं. मग स्वतःचीच लाज वाटली आणि त्या लाजेचा रागही तिने सुरजच्याच नावावर टाकला. शुक्रवारी करिष्मा भीत भीत म्हणाली, "मॅडम, त्या व्हिडिओखाली भांडण लागलंय. कुणी सयाजी म्हणून देहूरोडचे हायेत. ते म्हणत्यात, असा आवाज गेममध्ये न्हाईच. सर म्हणत्यात, तुमची गेमची कॅसेट डुप्लिकेट. आता रविवारी चिंचवडात दोन्ही मशीनं लावून सगळ्यांसमोर ऐकणार हायेत."

"किती वाजता?" तनुजाने विचारलं.

रविवारी अकरा वाजता ती धुणं तसंच भिजत टाकून निघाली. चिंचवडातल्या एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये साठेक माणसं जमली होती, बहुतेक पोटं सुटलेले चाळिशीचे पुरुष, लहानपणीचा गेम छापलेले टीशर्ट घालून. पुढे टेबलावर दोन जुने टीव्ही, दोन मशीनं. सयाजी दणकट, निवृत्त फौजी वाटावा असा माणूस. त्याने कॅसेट डोक्यावर धरून सगळ्यांना दाखवली.

"ओरिजनल हाय, राव. खोकं पण हाय. बघा कुणाला बघायचं ते."

सुरज माइक घेऊन उभा होता. ताई मागच्या रांगेत बसलेली त्याने पाहिली आणि मान वळवली.

आधी काळं मशीन लावलं. पिंप फुटलं. 'धाड' असा बरा आवाज आला, लोकांनी माना डोलावल्या. मग करडं. सयाजीने आवाज पूर्ण वाढवला, गड्याला पिंपाशी नेलं आणि बटण दाबलं.

टिक.

लोक हसले. सयाजीने पुन्हा मारलं. टिक. टिक. बॉलपेनचा खटका दाबावा तसा. पिंप फुटलं, कोंबडी बाहेर आली, पण ढब्ब नाही की द्रंग नाही.

सुरजच्या तोंडचं पाणी पळालं. "कॅसेट खराब असेल," तो म्हणाला.

"चालतीय की चांगली."

"मग टीव्हीचा स्पीकर..."

"दुसऱ्या टीव्हीला लावू?" सयाजीने मशीन उचलून दुसऱ्या टीव्हीला लावलं. टिक. आता हॉल खदखदून हसत होता. कुणीतरी मागून ओरडलं, "भावा, गेम खेळला होतास की नुसता ऐकला होतास?"

"मी खेळलोय!" सुरज ओरडला. त्याचा आवाज चिरकला. "दोन वर्षं खेळलोय! तो आवाज होता! मी खोटं कशाला बोलू?"

त्याला खरंच वाटत होतं की आवाज होता. तनुजाला ते स्पष्ट दिसलं आणि ती जास्तच भडकली. आवाज आठवतो, त्याचं लांबत जाणारं शेपूट आठवतं, पण तो कुठून येत होता हे आठवत नाही? मान वळवून एकदा मागे बघितलं असतंस तर?

ती उठली, रांगेतल्या लोकांचे पाय तुडवत पुढे गेली आणि त्याच्या हातातून माइक घेतला.

"मार," ती सयाजीला म्हणाली. "आवाज बंद कर आणि मार."

सयाजीने तिच्याकडे पाहिलं, मग टीव्ही मुका केला. गडी पिंपाशी गेला. मूठ उगारली गेली आणि तनुजाने ओठ मिटून घशातून काढलं, ढब्ब. मग नाकातून, लांबवत, द्रंऽऽग.

हसणारे पुढे वाकून बघायला लागले. पुन्हा मूठ, पुन्हा ढब्ब, पुन्हा द्रंऽऽग. ठोसा आणि आवाज एकदाही मागेपुढे झाले नाहीत. सुरजचे डोळे भरून आले होते.

"अप्पा झोपलेले असायचे," तो म्हणाला. कुणाला म्हणाला कोण जाणे. मग एकदम त्याने तिच्या खांद्यावर हात टाकला, माइकशी वाकला आणि मोठ्याने म्हणाला, "मित्रांनो, ही माझी ताई, तनुजा! मी चुकलो. मी एकटा नव्हतो. आम्ही दोघं मिळून खेळायचो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. पोटं सुटलेले पुरुष उभे राहिले, एकाने शिट्टी मारली. तिचं नाव घेतलं गेलं होतं. हवं होतं ते हेच, सगळ्यांसमोर. आणि तनुजा पहिल्यापेक्षा जास्त चिडली.

"खोटं," ती म्हणाली.

"ताई?"

"खोटं बोलू नकोस." तिने त्याचा हात खांद्यावरून काढला. माइक चालूच होता. "दोघं मिळून कधी खेळलो? सांग ना. एक दिवस सांग."

टाळ्या विरत गेल्या. सुरज कसानुसा हसला, खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, आता घेतलं ना तुझं नाव. लोक बघतायत."

"बघू देत. एकटा म्हणालास, ते खोटं होतं. आता दोघं म्हणतोस, ते त्याहून खोटं. त्यात तू चांगला भाऊ दिसतोस. जे होतं ते सांग."

तिने माइक त्याच्या हातात दिला आणि हाताची घडी घालून उभी राहिली. सुरजने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा सयाजीकडे. सयाजी टेबलावरच्या वायरी निरखत होता.

"मी खेळायचो," तो म्हणाला. "ही आईच्या हाताखाली मदत करायची आणि मग मागे बसून आवाज काढायची. रिमोट मागायची." तो थांबला. "मी दिला नाही. मेलो की देतो म्हणायचो. हजार वेळा मेलो असेन. एकदाही दिला नाही."

या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेवटी सयाजीलाच राहवेना. त्याने करड्या मशीनचा रिमोट वायरीसकट उचलला आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

"घ्या, ताई. आता खेळा तुमी. पहिल्यापासून लावून देतो."

तनुजाने रिमोटकडे पाहिलं. तिचा हात उठला, अर्ध्यावर आला आणि तिथेच राहिला.

"आता घेऊन काय करू?" ती म्हणाली, आणि इतका वेळ न फुटलेला आवाज आता फुटला. "मला तेव्हा हवा होता!"