खालची जमीन

सिरसीच्या बागांत पोफळीवर चढून सुपारीचे घड उतरवणारे पुष्कळ, पण झोका घेऊन या झाडावरून त्या झाडावर जाणारे मोजकेच. आमचे हे, बोम्मय्या गौडा, त्यातले. सकाळी चढले की न्याहारीलाच जमिनीला पाय लावायचे. मार्गशीर्षात एक पोफळ मोडली आणि हे डोक्यावर आपटले.

नवव्या दिवशी शुद्धीवर आले. हातपाय धड, बोलणंही ठीक. मी पेजेची वाटी पुढे केली, तर यांनी शेजारच्या हवेत हात घातला.

“नागवेणी, तू दोन दिसतेस गं.”

“एकीला सांभाळताना नाकी नऊ आले, आता दोघींना सांभाळा,” मी म्हटलं, आणि बाहेर जाऊन रडले.

शिवमोग्ग्याच्या दवाखान्यात डोळ्यांचे व्यायाम शिकवणारी रेहाना नावाची मुलगी होती. तिनं सांगितलं, डोळे शाबूत आहेत, मार मेंदूला बसलाय. दोन डोळ्यांचं जुळत नाही, खाली बघताना तर मुळीच नाही. तिनं चष्म्यात खास भिंग बसवून दिलं आणि तीन रंगांचे तीन मणी ओवलेली एक दोरी. एक टोक खांबाला, दुसरं नाकाशी. एकेका मण्यावर नजर टेकवायची.

“काका, मणी एक दिसला की दहापर्यंत मोजा.”

“शेंड्यावरची पिकलेली सुपारी खालून ओळखणारा माणूस मी. मणी मोजू?”

“मग ओळखा, हिरवा कुठाय?”

यांनी बोट उचललं, ते मधेच अडलं. हिरवे दोन होते.

घरी रोज दोनदा दोरी बांधायची. डोकं ठणकायचं, मळमळायचं. एकदा चिडून यांनी ती अंगणात भिरकावली. मी उचलून आणली, परत खांबाला बांधली आणि टोक नाकाला लावून बघितलं.

“अहो, मलाही दोरी दोन दिसतेय! मण्यापाशी फुली होतेय!”

“मग तुझंही डोकं फुटलंय.”

“नाही हो. रेहाना म्हणाली होती ना, दोरी दोन दिसायलाच हवी, मणी तेवढा एक.”

कितीतरी दिवसांनी हे हसले, आणि टोक माझ्या हातातून घेतलं.

वैशाखापर्यंत समोरचं सगळं एक झालं. मग एका सकाळी अंथरुणात हे नव्हते. बागेत धावले, तर हे पोफळीवर, घराच्या उंचीला, झाडाला मिठी मारून.

“चढताना काही वाटलं नाही,” हे म्हणाले. “खाली दोन जमिनी आहेत, नागू.”

मी बुंध्याशी गेले आणि झाडावर थाप मारली.

“बघू नका. डोळे मिटा. माझी थाप ऐकत या. पाय सरकवा. आणखी. आता उजवा.”

टाच हाताला लागली तशी मी ती दोन्ही हातांनी धरली. हे खाली येऊन बुंध्याला टेकून बसले. मग म्हणाले, “दोरी बांध.”

हे पुन्हा पोफळीवर चढले नाहीत. बागमालक हेगड्यांच्या खळ्यात सुपारी निवडायला बसतात; यांच्या हातून डागी सुपारी सुटत नाही. व्यायाम वर्षभर चालला. परवा नदीच्या घाटावर गेलो होतो. मी सवयीनं यांचं कोपर धरलं.

“पायऱ्या नीट दिसतायत मला,” हे म्हणाले.

“मग सोडू?”

“धर की. घाई काय आहे?”